पॅकिंगच्या भिंतीवरची लाल चौकट

मी भिंतीवरच्या कागदातून बोलतेय. मी एक आकृती, चौकटी आणि बाणांची. पॅकिंगच्या हॉलमध्ये येणारा-जाणारा मला पाहून मान खाली घालतो, म्हणून म्हटलं, आज तोंड उघडावंच.

माझा जन्म पंपांच्या कारखान्यात, ऑर्डर विभागातल्या ताईंच्या संगणकावर झाला. ऑर्डर आल्यापासून पंप ट्रकमध्ये चढेपर्यंत अठरा दिवस का लागतात, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. शेवटी ताईंनी जेवणाच्या सुट्टीत आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. डाव्या हातात पोळीभाजीचा घास, उजव्या हातात माऊस. सुरुवातीला एक चौकट सरकवली की तिचा बाण मागेच लोंबकळत राही. ताई वैतागून म्हणत, "अगं, धरून बस ना तिला." मला हसू यायचं. बाण चौकटीला चिकटवायला त्यांना तीन आठवडे लागले.

आकडे दिले मावशींनी. मावशी म्हणजे पॅकिंगच्या प्रमुख. ताई नवीन होत्या तेव्हा त्यांना कामाचं वळण लावलं ते मावशींनीच. प्रत्येक पंप आपल्याकडे कधी आला आणि कधी गेला, हे त्या एका वहीत टिपून ठेवत.

"ने वही," मावशी म्हणाल्या. "तुझ्यापासून काय लपवायचं?"

ताईंनी ते आकडे माझ्या चौकटींना जोडले. ज्या चौकटीत जास्त दिवस, ती आपोआप लाल व्हायची. जोडणीला पाच दिवस निघाले, पॅकिंगला दोन. आणि रंग चढला तो 'साहेबांची सही' या चौकटीवर. अकरा दिवस! तयार पंप नुसत्या सहीसाठी उभे होते. ताईंच्या हातातला घास हातातच राहिला. मला मात्र जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मीटिंगआधी साहेबांनी मला मागवलं. ताईंनी पाठवलं, पण हात शिकाऊ. 'फक्त पाहता येईल' ऐवजी 'बदल करता येतील' यावर खूण राहून गेली.

साहेबांनी एकही आकडा खोटा केला नाही. त्यांनी फक्त दोन चौकटी एकत्र केल्या आणि वर नाव ठेवलं, 'पॅकिंग'. अकरा आणि दोन, तेरा. लाल रंग निमूटपणे तिथे जाऊन बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझा. त्याच मीटिंगमध्ये मावशींचा विभाग बंद करून काम बाहेर द्यायचं ठरलं.

साहेबांचा मला राग आहे, पण त्यांचं दुःख नाही. ते परके. दुःख पुढचं आहे.

मीटिंगहून येऊन ताईंनी मला उघडलं. माझं प्रत्येक जुनं रूप माझ्या पोटात जपलेलं असतं, एक बटण दाबलं की मी पुन्हा पहिल्यासारखी. ताईंनी ते बटण शोधलं. त्यांना ते सापडलंही. तेवढ्यात साहेब दारात येऊन उभे राहिले.

"काम सुबक आहे तुमचं. नवा नियोजन विभाग तुम्हीच सांभाळा."

ताईंनी बटणावरचं बोट उचललं. "थँक्यू सर," म्हणाल्या आणि मला बंद करून टाकलं.

मग मला छापून इथे डकवलं. खालच्या कोपऱ्यात ताईंचं नाव आहे, चांगलं ठळक.

काल ताई वही परत द्यायला आल्या. मावशी चष्मा लावून माझ्यापुढे उभ्या होत्या.

"हे तू काढलंस?"

"हो, मावशी."

"वहीत तर पॅकिंगला दोनच दिवस होते ना गं?"

ताईंनी वही पुढे केली. मावशींनी ती उघडली, एक पान बोटाने वाचलं आणि मिटली.

"असू दे. लिहिताना माझंच काही चुकलं असेल."

आणि ताईंनी तेही ऐकून घेतलं. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला भिंतीवरून गळून पडावंसं वाटलं.

ताई, धरून बसायला तुम्हीच शिकवलंत ना मला? मग तुम्ही कसं सोडलंत? शनिवारी हा हॉल रिकामा होईल. मला फाडून फेका, माझी तक्रार नाही. पण ते बटण अजून जागेवर आहे, आणि आज गुरुवारच आहे. त्या बाईला एवढं तरी कळू द्या, की तिची वही बरोबर होती.