रोह्यात एकही ग्रीक मेला नाही

काळुरामने उरलेली पानं बोटाखाली दाबली, पुस्तक तसंच मिटलं आणि म्हणाला, "मग राजा घरी पोचला. मुलांना भेटला. संपलं."

"मुलं धड होती?" खाटेवरून गुणाजीने विचारलं.

"एकदम धड."

जमिनीवर भिजवलेले वाल सोलत बसलेल्या सरूने समाधानाने मान हलवली. नवऱ्याच्या मित्राच्या या गोष्टी तिला अलीकडे आवडू लागल्या होत्या. गुणाजी मात्र आढ्याकडे बघत राहिला. मूळ नाटकात राजा, राणी आणि मुलं यांतलं कुणीच शेवटच्या पानापर्यंत टिकत नव्हतं.

पाश्चात्त्यांचं वाङ्मय आणि तत्त्वज्ञान मुळापासून वाचून काढायचं, हे दोघांनी कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. मध्ये नोकऱ्या आल्या, लग्नं झाली, पोरं झाली. काळुरामने पेणच्या शाळेत जन्मभर मुलांना इंग्रजीतून रजेचा अर्ज लिहायला शिकवलं. त्यापलीकडचं इंग्रजी त्याच्या पोटातच राहिलं. गुणाजीचं आयुष्य रोह्याला कंपनीच्या तीन शिफ्टमध्ये गेलं. दोघे निवृत्त झाले आणि लगेच कामाला लागले. आठवड्याला एक पुस्तक, रविवारी चर्चा. सुरुवात ग्रीकांपासून, आणि मध्ये कुणालाही वगळायचं नाही, हा गुणाजीचा नियम. चर्चा अशी व्हायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ग्रीक देव यंदा नगरपालिकेला उभे आहेत.

श्रावणात गुणाजीच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सरूला बाजूला घेऊन दिवाळीपर्यंतचं सांगितलं. म्हणजे रोमन लोकसुद्धा हाती लागणार नव्हते. गुणाजीला 'अल्सर' म्हणून सांगायचं ठरलं. आपल्याकडे माणसाच्या मरणाची बातमी आधी सगळ्या आळीला कळते. ज्याची असते त्याच्यापर्यंत ती शेवटी पोचते, किंवा पोचतच नाही.

गुणाजीच्या हातांना पुस्तक पेलेना, तेव्हापासून काळुराम दर रविवारी पेणहून वडखळमार्गे एसटीने यायचा, खाटेशी बसून वाचायचा आणि मराठीत सांगायचा. पहिल्याच रविवारी एक योद्धा मरायला टेकला. काळुरामने मान वर केली, तर सरूचा चेहरा पांढरा पडलेला. त्याने घाईघाईने योद्ध्याच्या जखमेला मलम लावलं. मग ते थांबवता येईना. विधवा होणाऱ्या राण्या सौभाग्यवती राहिल्या, बुडणारी जहाजं किनाऱ्याला लागली. इतके जीव त्या काळच्या देवांनाही वाचवता आले नव्हते.

राजा घरी पोचला, त्याच्या पुढच्या रविवारी तत्त्वज्ञानाची पाळी आली. सरूने दारातच हळू आवाजात सांगितलं, दोन दिवस पेजसुद्धा पोटात राहत नाही. काळुराम खाटेशी बसला. पुस्तकातला म्हातारा गुरू तुरुंगात होता. मावळतीला त्याला विष द्यायचं होतं आणि सकाळपासून मित्र भोवती जमले होते. पुढे सगळी त्यांचीच बोलणी. गोष्ट वळवायला जागा मिळेना. शेवटी काळुरामने तुरुंगाचं दार उघडलं आणि मित्रांकरवी म्हाताऱ्याला होडीत बसवलं.

"सुटला?"

"सुटला. मित्राच्या शेतावर जाऊन राहिला. बरीच वर्षं जगला."

गुणाजीने मान पुस्तकाकडे वळवली. मग म्हणाला, "मग पुस्तक एवढं जाड कशाला रे?"

काळुराम उगाच पानं चाळू लागला.

"दोस्त सगळे जमले व्हते ना, काळू? हा सुटला म्हणजे त्यांचं बोलणं राह्यलंच की." त्याला धाप लागली, पण तो थांबला नाही. "होडीत बसून काय बोलले असतील? पाऊसपाण्याचं? माझ्याकडं पण येतात लोक. पाऊसपाण्याचंच बोलतात."

सरूचे वाल सोलणारे हात थांबले. "अवो, काय पण बोलता. अल्सर हाय, डॉक्टर म्हणाले ना."

"अल्सरवाल्याशी बायको भांडते गो."

"म्हंजे?"

"श्रावणापासून माझ्यावर एकदा पण ओरडली नायस. तवाच कळलं मला."

सरू उभी राहिली. मांडीवरचे वाल जमिनीवर सांडले, त्याची तिला शुद्ध नव्हती.

"तवापास्नं ठावं हाय? आन् गप बसलात?" तिचा आवाज चढला. "मी मोरीत तोंडात पदर घालून रडते. भायेर आले की हसते. तुम्ही खाटंवर पडून माझी गंमत बघता व्हय?"

"गंमत नाय गो. तू एवढं जपत व्हतीस, मला मोडवंना."

काळुराम उठला. पुस्तक त्याने खाटेवर गुणाजीच्या हाताशी ठेवलं, जिथून त्याने तुरुंगाचं दार उघडलं होतं ते पान उघडं करून, आणि तो ओटीवर आला.

आत सरू भांडत होती. लग्नातल्या कसल्याशा मानपानापासून तिने सुरुवात केली होती आणि एकही वर्ष ती वगळत नव्हती. मधूनच गुणाजीचा हसण्याचा आवाज यायचा आणि त्याचा खोकला व्हायचा. मग तिचा आवाज उतरला. मग दोघांचे आवाज वेगळे ओळखू येईनात.

पेणची गाडी समोर आली. कंडक्टरने ओळखीने घंटी देऊन ती थांबवली. काळुरामने हात हलवून नको म्हटलं. ग्रीकांचं सगळं त्याच्या ओठांवर होतं. गुणाजीशी बोलायचं स्वतःचं असं पहिलं वाक्य काही जुळत नव्हतं. आपली पाळी येईपर्यंत तो ओटीवर बसून राहिला.