तीन सोप्या रेल

दुली साहेबाने पत्र्याचा पावा रुमालाने पुसून धर्माच्या हातात ठेवला, दुसरा स्वतःच्या ओठांना लावला आणि आटगाव स्टेशनच्या फलाटावर, पाण्याच्या टाकीखाली बसून एकामागून एक पाच गती वाजवल्या. टाकीवरची कबुतरं पहिल्याच गतीला उडून गेली. धर्मा मात्र हातोडा खाली ठेवायचं विसरून ऐकत राहिला.

साहेब लाईनचा इन्स्पेक्टर. त्याचं खरं आडनाव भलतंच लांब होतं, पण लाईन राखणाऱ्या गँगमधल्या माणसांनी रूळ कापावा तसं ते मापात कापून घेतलं होतं. गोरा असूनही इंग्रज म्हटलेलं त्याला खपत नसे. आपण आयर्लंडचे, असं तो लालेलाल होऊन सांगे. लाईनवरच्या लोकांना ह्यातला फरक एवढाच कळला होता की हा साहेब शिव्या देताना हसतो.

धर्मा चावीवाला. रोज रुळांच्या कडेने तीन मैल चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या पाचरी, म्हणजे चाव्या, सैल झाल्या असतील तर हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या आणि तीन मैल परत यायचं. दुपारी भाकर खाऊन झाली की करंजाच्या सावलीत तो बांबूचा पावा वाजवी. तो ऐकून साहेबाने ट्रॉली थांबवली, त्याला आठ दिवस झाले होते.

पाचवी गत संपली तसा साहेब काहीतरी लांबलचक बोलला. धर्माने दुभाष्या म्हणून शेजारी उभ्या असलेल्या तारबाबूकडे पाहिलं. तारबाबू कमळाकर शहापूरच्या शाळेत त्याच्या शेजारी बसायचा. तिसरीनंतर धर्मा गुरांमागे गेला आणि कमळाकर इंग्रजीमागे.

"काय बोलतो रे?"

"म्हणतो, आधी सोप्या तीन रील शिकायच्या. सूर फार वर चढत नाही, अर्धं भोक झाकावं लागत नाही, मधे दम घ्यायला जागा असते, अशा. ह्या पाचांतल्या तीन तूच निवड."

"तीन रेल?"

रील म्हणजे साहेबाच्या मुलखातली नाचाची धावती गत. तिचे दोन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा असतो. हे साहेबाने कमळाकरला सांगितलं होतं, धर्माला कुणीच नाही. त्याला एकच रेल ठाऊक होती आणि तिच्यावर त्याचं घर चालत होतं. शिवाय गँगचा म्हातारा मुकादम दिवाळीनंतर घरी बसणार होता.

"ही मुकादमाची परीक्षा हाय काय रे, कमळ्या?"

कमळाकरने कानावरची पेन्सिल काढली, तिच्या टोकाकडे पाहिलं आणि ती पुन्हा कानावर ठेवली.

"तसंच समज," तो म्हणाला.

"मग सोप्या कशाला? सोप्या शिकलेल्याला कोण मुकादम करंल? मला ती चौथी पायजे. घाटात इंजिन चढतं तशी हाय ती."

साहेब पोट धरून हसला आणि चौथीला त्याने साफ नकार दिला. शेवटी तीन ठरल्या. साहेबाने त्यांची नावं सांगितली, पण ती धर्माच्या जिभेवर टिकेनात. त्याने आपली नावं ठेवली. एक घरी परतणाऱ्या बैलांची, एक पाखडणीची, एक ट्रॉलीची.

घरी त्याची बायको वत्सला सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाजा वाजवला म्हणून मुकादम करतात? मग बेंडवाल्याला स्टेशनमास्तर केला असता."

"गप गो. रेल्वेची बाब हाय ती. तुला नाय कळायची."

"कळली नाय म्हणून तर विचारते."

गणपतीच्या सुमाराला पहिली रेल बसली. साहेबाने टाळ्या वाजवल्या आणि गंभीर होऊन कमळाकरला काहीतरी विचारायला सांगितलं.

"साहेब विचारतो, कंटाळलास काय?"

"नाय, नाय!" धर्मा जागचा उठलाच.

एवढं मराठी साहेबाला येत होतं. त्याने भुवया वर नेल्या आणि मान हलवली.

दसऱ्याला पाखडणीची बसली. साहेबाने पुन्हा तसंच काही विचारलं.

"साहेब विचारतो, जड जातं काय?"

"नाय रे बाबा! सांग त्याला. अजिबात नाय!"

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ट्रॉलीची झाली. ह्या वेळी साहेबाने स्वतः धर्माच्या खांद्यावर हात ठेवला आणि कमळाकरकडे न पाहता, धर्माच्याच तोंडाकडे बघत एक वाक्य सावकाश उच्चारलं.

"विचारतो, शिकवणं बंद करू काय?"

"नाय! नाय! नाय!" धर्माने दोन्ही हात जोडले.

 साहेबाने खिशातली वही काढून तीत काहीतरी लिहिलं.

दिवाळीनंतर नवा मुकादम आला. राघो नाव, मुरबाडचा, कमळाकरच्या बहिणीचा नवरा. चावी कुलपाला असते, एवढीच त्याला तिची माहिती होती.

"परीक्षेचं काय झालं रे?" धर्माने विचारलं.

"साहेबाची मर्जी," कमळाकर तारेच्या यंत्रावरून मान न उचलता म्हणाला. "गोऱ्या माणसाचं काय धरून बसतोस? मी तुझ्यासाठी किती बोललो, तुला काय सांगू."

धर्माने पत्र्याचा पावा भाताच्या कणगीत खुपसून ठेवला. साहेब ट्रॉलीवरून ओठांपाशी बोटं नाचवून खूण करी, तेव्हा धर्मा गळ्याला हात लावून दुखत असल्याचं दाखवी. गळा काही दुखत नव्हता. वत्सलाने एकदाही 'बघा, मी म्हणत होते' म्हटलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

माघात साहेबाची बदली झाली. जायच्या दिवशी तो धर्माला एकट्याला टाकीखाली घेऊन गेला. हातात कागद होता. आपल्या गोव्याच्या आचाऱ्याकडून त्याने हिंदुस्थानी वाक्यं घोटून आणली होती. नवी गत वाचावी तशी तो ती वाचू लागला. प्रत्येक तुकडा दोनदा.

"तुम मुकादमी काहे को नहीं मांगा? तुम मुकादमी काहे को नहीं मांगा?"

साहेबाने बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"हम तीन दफा पूछा, तुम तीन दफा नाय बोला. हम तीन दफा पूछा, तुम तीन दफा नाय बोला."

साहेबाने कागदाची घडी केली. त्याला आणखी हिंदुस्थानी येत नव्हतं. धर्माने तोंड उघडलं, तारऑफिसच्या खिडकीकडे बोट उचललं. आत यंत्र टकटकत होतं. त्याने बोट खाली घेतलं. ते साहेबाला सांगायचं तर मधे पुन्हा कमळाकरच हवा होता.

साहेबाला परत द्यायला म्हणून त्याने पावा कणगीतून काढून आणला होता. आता तो त्याने ओठांना लावला आणि घरी परतणाऱ्या बैलांची रेल धरली. सगळ्यांत सोपी तीच होती. दम घ्यायला जागा होती. त्या जागेवर त्याला दम मिळाला नाही. साहेबाने पावा त्याच्या हातातून घेतला नाही, फक्त आपल्या मुठीत त्याची मूठ दाबली.

गाडी कसाऱ्याकडे निघून गेली तसा कमळाकर फलाटावर आला.

"एवढा वेळ काय बोलत होता रे साहेब?"

धर्माने पावा मुंडाशात खोचला.

"विचारत होता, तारबाबूवर तुझा राग हाय काय."

कमळाकरचा हात कानाकडे गेला. पेन्सिल तिथेच होती, ती काढायचं त्याला सुचलं नाही.

"मग? तू काय सांगितलंस?"

"नाय बोललो."

कमळाकर हसायच्या बेतात आला.

"तीनदा विचारलं त्यानं," धर्मा हातोडा उचलत म्हणाला. "तीनदा नाय बोललो."

तो फलाट उतरून रुळांच्या कडेने चालू लागला. चावीला एक ठोका पुरतो. त्या दिवशी कमळाकरला लांबपर्यंत प्रत्येक चावीवर दोन ऐकू येत होते.