धाकटीची मापं

थोरलीचं शिवणकामाचं दुकान जिन्याखाली, आणि गिऱ्हाइकांची मापं मात्र सातासमुद्रापार. मापं साठवणाऱ्या ॲपच्या कंपनीचा सर्व्हर तिकडे कुठल्याशा देशात होता. थोरलीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. बोट लावलं की खांदा, छाती, कंबर समोर हजर, बस्स!

त्या दिवशी मात्र बोट लावून लावून थकली, तरी धाकटीची मापं उघडेनात. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. राहायला परदेशी, आणि वर्षभर अबोला धरून बसलेली. गेल्या खेपेला टेप लावताना थोरली चार गिऱ्हाइकांदेखत बोलून गेली होती, "अगंबाई, ही कंबर म्हणायची की काय!" त्यावर धाकटी फणकारली, "मापं घ्यायची सोडून माझी मापं काढतेस?" आणि तडक निघून गेली ती गेलीच. थोरलीचा जीव तिच्यासाठी तुटत होता. पण माफी मागायला जीभ वळेल तर शपथ! म्हणून हा कोट. गुपचूप शिवायचा, पाठवायचा, की मिटलं भांडण.

तिनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या बहिणीच्या देशात नवा कायदा आलाय," फोनवरचा माणूस म्हणाला. "शरीराची मापं म्हणजे खाजगी माहिती. त्यांची संमती असल्याशिवाय परदेशात उघडत नाहीत."

"आणि आमच्याकडे?"

"तुमच्याकडे कोणी हरकत घेतली नाही की चालतं."

"मग झालं तर! ती वर्षभर गप्पच आहे. आमच्या घरात गप्प बसलं की होच धरतात. माझं लग्न असंच ठरलं."

"त्यांच्या कायद्यात गप्प म्हणजे नाही, मॅडम."

"आणि तुमचा तो सर्व्हर आहे तिथे?"

"तिथलं सरकार मागेल तेव्हा बघू शकतं."

"म्हणजे माझ्या बहिणीची कंबर तिसऱ्याच देशाचं सरकार बघणार आणि मी नाही? कोण लागून गेलेत हे टिकोजीराव!"

"मी त्यांना संमतीची विनंती पाठवतो ना," तो समजुतीनं म्हणाला.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. 'तुमची बहीण तुमची मापं मागते आहे' असं धाकटीनं वाचलं तर संपलंच सगळं! "नको हो, नको!" ती ओरडली. पण विनंती गेली होती.

संध्याकाळी उत्तर आलं. संमती नाकारली, माहिती कायमची पुसली. थोरलीनं कोटाचं कापड कपाटात कोंबलं आणि मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडली.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी!

"पुसलीस ना मापं?" थोरलीनं नाक ओढत विचारलं.

"पुसली. माझा हक्कच आहे तो."

"बरं केलंस. चुकलं गं माझं. जिभेला हाड नाही माझ्या."

"एवढं म्हणायला वर्ष लागलं?" धाकटीचाही आवाज भरून आला. "अगं ताई, ती मापं जुनी झाली. मी आणखी सुटलेय. पुढच्या महिन्यात येते, नवी काढ. पण टेपनं काढ, तोंडानं नको. कबूल?"

थोरलीला हुंदक्यानं बोलवेना.

"गप्प का? तोंडानं हो म्हण. आमच्याकडे गप्प म्हणजे नाही!"

"हो गं बाई, हो!" थोरली एवढ्यानं ओरडली की जिन्यावरून जाणारा शेजारी थबकला.