सारजाबाईच्या कंबरेचा बिंडा

या मित्रांनो, जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, कीर्तनाला बसल्यासारखी मांडी घाला. एका विहिरीची, एका बाईची आणि माझ्या फजितीची कथा सांगतो.

मी एक जुना बिंडा आहे, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा. पोहायला शिकणाऱ्याच्या कंबरेला मला मागून बांधतात, म्हणजे तो बुडत नाही. चांदा गावच्या बहिरूने मला आपल्या लेकीसाठी, सारजासाठी घडवलं. तेव्हा मी चांगला कलिंगडाएवढा होतो. सारजा धीट होऊ लागली तसा बहिरू तिच्या नकळत मला तासू लागला. मी घटत गेलो, ती तरंगत राहिली. नारळाएवढा उरलो तेव्हा त्याने दोरी सोडली, आणि माझं कौतुक संपलं. पुढे बहिरू गेला. त्याचं शेत, त्याने खणलेली विहीर आणि मी, सगळं सारजाकडे आलं. मी वर्षानुवर्षं खुंटीला लटकलो. उंदरांनी कड कुरतडली. सुख एवढंच की भिंतीपलीकडे मारुतीचं देऊळ. तिथे टाळ वाजले की माझं लाकूडसुद्धा सुखावायचं.

यंदा शेत विकलं गेलं. नव्या मालकाने उन्हाळा सरताना विहीर बुजवायचं ठरवलं. त्याच दिवसांत वरच्या खोलीतल्या भाडेकरूने, नांदेडच्या जुईलीने, सारजाबाईंना मोबाईलवर पोहण्याचा एक प्रकार दाखवला. दोन्ही हात एकदम हवेत, दोन्ही पाय जुळलेले.

"याला बटरफ्लाय म्हणतात, मावशी. खूप अवघड असतं हं."

"असंना का! बाबाच्या हिरीत ह्ये एकदा करून दावीन, मगच हीर सोडीन."

त्यांचे यजमान विश्राम म्हणाले, "साठीला आलीस. बिंडा बांधल्याबिगर उतरायचं न्हाई, सांगून ठिवतो."

असा मी खुंटीवरून उतरलो. काय आनंद झाला म्हणून सांगू! पण मित्रांनो, तो पहिल्याच दिवशी विरला.

या पोहण्यात अंगाची लाट व्हावी लागते. छाती दाबली की कंबर वर, छाती उचलली की कंबर खाली. आणि सारजाबाईंची कंबर खाली निघाली रे निघाली की मी तिला वर ढकलायचो. करणार काय, देवाने मला तेवढंच शिकवलंय! लाट तिथेच मोडायची. पाय फाकायचे, हात पाण्यातच अडकायचे, नाकातोंडात पाणी जायचं. त्या हातांना बोल लावायच्या, वयाला लावायच्या, काष्ट्याला लावायच्या. मला कधीच नाही. उलट दोरी आणखी आवळायच्या. मला ओरडावंसं वाटायचं, "बाई, मीच नडतोय, मला सोडा!" पण लाकडाला तोंड कुठलं?

काठावर धुणं धुणाऱ्या गोजराबाईंना मात्र तोंड होतं. "फुलपाखरू म्हनं! म्हशीला ठसका लागल्यावानी दिसतंय, सारजे."

"तू ये की मग पान्यात."

"मला पवाया येत न्हाई, म्हनून तर बोलाया मोकळी!"

रोज तेच. रोज ठसका, रोज टोमणा. विहीर बुजवायची वेळ जवळ आली, आणि मी आतल्या आत चडफडत राहिलो.

मग देवळात सप्ताह बसला. शेवटच्या कीर्तनात पावली रंगली. टाळांवर दोन पावलं पुढे, दोन मागे, बायाबापड्या देहभान विसरून नाचल्या. दुसऱ्या सकाळी सारजाबाई पाण्यात उतरता उतरता थबकल्या, काठावरच्या जुईलीकडे वळल्या.

"जुईली, काल पावली खेळताना छाती वाकली की कंबर आपसूक मागनं यायची. हितं मातूर हालत न्हाई. कुनी धरून ठिवलीया जणू..."

त्यांचा हात मागे गेला आणि माझ्यावर पडला. बोटं माझ्या तासलेल्या अंगावरून फिरली.

"बाबा तासायचा ह्याला. मला मागनं कळलं त्ये."

त्यांनी गाठ सोडली आणि मला पायरीवर ठेवलं. इतके दिवस 'सोडा, सोडा' म्हणणारा मी, तेव्हा मात्र भ्यालो. देवा, सांभाळ रे!

टाळाचा ठेका तोंडाने धरत त्या झेपावल्या. पहिला फेर वाकडाच गेला. दुसऱ्याला छाती बुडाली, कंबर उठली, पाय जुळून आपटले, आणि दोन्ही हात पाण्यावरून सपकन पुढे आले. पुन्हा. पुन्हा. बहिरूने रचलेल्या पलीकडच्या दगडांना दोन्ही तळवे टेकले, तेव्हा त्या हसत होत्या की रडत होत्या, ओल्या चेहऱ्यावरून कळेना.

गोजराबाई धुणं टाकून उठल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सारजे, त्यो बिंडा मला बांधतीस का? मला बी शिकीव."

सारजाबाईंनी वर पाहिलं. बांधावर मातीचा पहिला डंपर येऊन थांबला होता.

आता मी पुन्हा खुंटीला आहे. गोजराबाई येता-जाता मला हात लावून जातात. मित्रांनो, तुमच्या गावात पाणी असलेली विहीर असेल तर मला मागून न्या. चुलीत घालू नका, सावलीत वाळवा. आणि कुणाच्या कंबरेला बांधलंत, तर बहिरूची आठवण ठेवा. लेकीला माझी गरज उरू नये, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने मला लहान केलं.