चौदाव्या एपिसोडचा पुरावा

"अहो, दुपारपासून तुम्ही ‘काम चालू आहे’ म्हणताय. नक्की लाइट दुरुस्त करताय की धरण बांधताय?"

बद्रीनाथांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. हडपसरच्या वीज तक्रार केंद्रात उभी हयात गेल्यावर टोमणा कुठे टोचणार हे त्यांना आधीच कळायचं.

"केबलला फॉल्ट आहे साहेब. माणसं गेलीत. येईल."

"केव्हा?"

"येईल साहेब."

हा ‘येईल’ त्यांनी आयुष्यात इतक्यांदा म्हटला होता, की आता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास उरला नव्हता. रिटायरमेंट तोंडावर आली होती. मान दुखत होती आणि संध्याकाळची पाळी नुकती कुठे सुरू झाली होती.

फोन ठेवून त्यांनी मोबाइल उचलला. टेलिग्रामवरच्या ‘नक्षत्रदूत, पुणे शाखा’ या ग्रुपवर सकाळपासून नुसती धुमश्चक्री चालली होती. ‘नक्षत्रदूत’ ही अंतराळयानाची जुनी परदेशी मालिका, वीसेक वर्षांपूर्वी दर रविवारी संध्याकाळी हिंदीत लागायची. आता त्या गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगणारी नवी मालिका येणार होती आणि तिच्या ट्रेलरमध्ये कॅप्टन इराचा बाप दिसला होता. जुन्या मालिकेत इरा बापाचं कधी नावही काढत नाही. का काढत नाही, यावर सगळे तुटून पडले होते.

‘मेला असणार. सिंपल.’

‘मेला असता तर एकदा तरी रडली असती ना? गद्दार आहे तो. शत्रूला जाऊन मिळालाय.’

‘लिहून घ्या, क्लोन निघणार.’

हा ग्रुप चालवायची मैत्री. बद्रीनाथांची एकुलती एक लेक.

तीन वर्षांपूर्वी तिने त्यांच्या मनाविरुद्ध राकेशशी रजिस्टर लग्न केलं. "बाबा, तुम्ही या," म्हणून स्वतः सांगायला आली. बद्रीनाथ म्हणाले, "माझी ड्युटी आहे." ड्युटी नव्हती, आणि ते तिलाही ठाऊक होतं. तेव्हापासून ती वाघोलीला आणि हे हडपसरला. हाकेच्या अंतरावर म्हणावं असं गाव, पण हाक मारणार कोण? घरी फोन यांनी उचलला की पलीकडून दोनच शब्द यायचे, "आई आहे?"

बायकोने, शालनने, एकदा बोलता बोलता ग्रुपचं सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या चैतालीने त्यांना त्यात शिरवून दिलं. तिथे नंबर दिसत नाही हे बरं होतं. नाव घेतलं ‘हडपसरकर’. कित्येक महिने ते नुसते वाचत होते. पोटच्या पोरीचं बोलणं असं चोरून वाचायचं, याची लाज वाटायची, आणि वाचल्याशिवाय चहाही गोड लागत नव्हता.

"काका, अजून तोच बाप चालूय?" चैतालीने डोकावून विचारलं. "तुम्ही पण टाका ना एक थिअरी. नुसते फुकटे मेंबर आहात."

"मी काय टाकू? म्हातारा माणूस."

"मग म्हाताऱ्याची टाका. बाप लोकांचं तुम्हालाच जास्त कळणार."

ती हसत फोनकडे वळली. बद्रीनाथ मात्र हसले नाहीत. एका बोटाने, अडखळत त्यांनी लिहिलं: ‘बाप जिवंत असेल. फक्त बोलणं बंद असेल. जो पुढे दिसत नाही तो मेलाच, असं थोडंच आहे?’

पाठोपाठ मैत्रीचा एक शब्द आला. ‘पुरावा?’

ग्रुपच्या दारावर पाटीच होती: ‘पुराव्याशिवाय थिअरी टाकू नये. अपमान करण्यात येईल. खोटा पुरावा देणाऱ्यास काढण्यात येईल.’ मैत्री यात कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे. पण बद्रीनाथांकडे पुरावा होता. त्यांनी लिहिलं: ‘एपिसोड चौदा. यानातली वीज जाते. इरा अंधारात भिंतीला हात लावून चालते आणि म्हणते, बाबांनी शिकवलंय, भिंत सोडायची नाही.’

ग्रुपवर एकच गिल्ला झाला.

‘असला सीनच नाहीये!’

‘काका, कुठल्या केबलवाल्याची आवृत्ती ही?’

एकाने तर तो तुकडाच आणून टाकला. यान काळोखात बुडतं, इरा शिरस्त्राणावरचा दिवा लावते आणि इंजिनाकडे धावत सुटते. भिंत नाही, बाप नाही.

‘अॅडमिन, खोटा पुरावा. काढा यांना.’

बद्रीनाथांनी तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग त्यांना आठवलं. हा एपिसोड लागला त्या रविवारी नेमक्या ह्याच जागी घरची लाइट गेली होती. लोडशेडिंग. लहानगी मैत्री अंधारात रडायला लागली, "बाबा, तुमच्या हापिसात फोन करा ना!" फोन करून काय होणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते म्हणाले, "आधी माझ्याकडे ये. भिंतीला हात लावून ये. भिंत सोडायची नाही." पोरगी चाचपडत आली, मांडीवर बसली आणि राहिलेला एपिसोड त्यांनी मनानेच रचून सांगितला. ती भिंतही त्यात घातली. इतक्या वर्षांत त्यांच्याही डोक्यात ते वाक्य इराचंच होऊन बसलं होतं.

हा सीन जगात दोघांनीच पाहिला होता. म्हणजे हडपसरकर कोण, हे आता तिला कळलं असणार. तिने काढून टाकलं तर हे चोरून वाचणंही संपलं. शेवटचा धागा होता तो. तिने काढण्याआधी आपणच निघावं, म्हणून त्यांनी बोट पुढे नेलं, पण ते काही टेकवेना.

मैत्री काहीतरी लिहीत होती. थांबली. पुन्हा लिहायला लागली.

‘सीन आहे. मी पाहिलाय. पुरावा मान्य.’

ग्रुप खवळला. ‘अगं, क्लिप बघ ना!’ ‘अॅडमिन, तू पण?’ आजवर स्वतःच्या नवऱ्याचीही थिअरी पुराव्याशिवाय न सोडणाऱ्या मैत्रीने कुणालाच उत्तर दिलं नाही. बद्रीनाथांना पुढची अक्षरं दिसेनात. त्यांनी चष्मा काढून पुसला, तरी दिसेनात.

"काका, काय झालं?"

"काही नाही गं."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एक म्हातारी बाई होती, आवाज कापरा. "लाइट कधी येणार हो? एकटीच आहे मी. मेणबत्ती स्वयंपाकघरात आहे आणि मला काही दिसत नाही."

‘येईल’ अगदी ओठांवर आला होता.

"आजी, फोन ठेवू नका," बद्रीनाथ म्हणाले. "भिंतीला हात लावा. लावला? आता सावकाश चला. भिंत सोडायची नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली. तिच्या बांगड्या भिंतीला घासल्याचा आवाज येऊ लागला. टेबलावर मोबाइल उजळला, मैत्रीचा फोन येत होता. बद्रीनाथांचा हात तिकडे गेला आणि मोबाइलवर तसाच विसावला. म्हातारी स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो त्यांनी रिसीव्हर कानावरून हलवला नाही.