दुसरं पद

बत्तिसावा पेपर तपासताना बाईंनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी दुपारचे बारावीचे वर्ग चालत, तिथे त्या गणित शिकवायच्या. सव्वीस वर्षं तोच फळा आणि तोच द्विपद विस्तार. दर वर्षी त्या घसा कोरडा करून सांगायच्या, की घात शून्यापासून मोजायचा आणि पदाचा क्रमांक एकापासून. आणि दर वर्षी निम्मा वर्ग पाचव्या पदाच्या जागी सहावं लिहून मोकळा व्हायचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

उरलेले पेपर त्यांनी कसेबसे उरकले, गुणांची यादी कार्यालयात दिली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर वाटले.

वर्ग सुटल्यावर सगळे गेले, पण मागच्या बाकावरची लिफ्टताई उठली नाही. ती एका दवाखान्यात लिफ्ट चालवायची. पहाटे सहा ते दुपारी दोन स्टुलावर बसून बटणं दाबायची आणि तिथून थेट वर्गात यायची. चाळिशीला आलेली बाई. एक्स-रे काढायचं शिकायचं म्हणून बारावीला बसली होती. गणिताच्या पूर्वपरीक्षेत बत्तीस गुण पडले होते आणि पस्तीस पडल्याशिवाय मुख्य परीक्षेचा फॉर्म मिळणार नव्हता.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"रागवायचंही त्राण नाही हो माझ्यात. विचारा."

तिने पेपर पुढे केला. (2x + 1)⁴ चा विस्तार करायचा होता. तिने लिहिलं होतं: 1 + 8x + 24x² + 32x³ + 16x⁴. त्यावर लाल फुली आणि चारपैकी शून्य.

"हे नक्की कुठं चुकलं? मी चारदा करून बघितलं."

बाईंनी या वेळी ओळ शेवटपर्यंत वाचली. उत्तर बरोबर होतं, फक्त उलट्या टोकापासून मांडलेलं. आदल्या दिवशी 16x⁴ पहिलं दिसलं नाही एवढ्यावरच त्यांनी फुली मारली होती, पुढची ओळ वाचलीच नव्हती. क्षणभर वाटलं, 'पद्धत म्हणून असते काहीतरी' असं सांगून वेळ मारून न्यावी. पण समोरची बाई आठ तास काम करून आली होती.

"तुमचं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. विस्तार म्हणजे शेवटी बेरीज. बेरजेत कोण आधी आणि कोण नंतर, त्यानं काही बिघडत नाही."

लिफ्टताईचा चेहरा उजळला. "मग त्याखालचंही बरोबर असेल!"

खालचा प्रश्न होता, याच विस्तारातलं दुसरं पद कोणतं? तिने 8x लिहिलं होतं.

"ते मात्र चूक."

"हे काय हो बाई! आत्ताच म्हणालात, आधी-नंतर चालतं."

"बेरजेला चालतं. पण दुसरं म्हटलं, की कुठून दुसरं ते ठरलेलं लागतं. कंसात जे आधी लिहिलंय, त्याचा सगळ्यात मोठा घात पहिला. तुम्ही खालून का सुरुवात केलीत?"

"लिफ्ट खालूनच सुरू होते ना. तळमजला शून्य. x नाही तो तळमजला, एक x तो पहिला मजला, असं करत वर गेले."

बाई खुर्चीत सावरून बसल्या. "बरं, आता वरून उतरा. 2x चौथ्या मजल्यावर आहे. कंसातला एक कुठे?"

लिफ्टताई विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "तळाला! आमच्याकडे लिफ्टच्या पिंजऱ्याला पलीकडून वजन बांधलेलं असतं. 2x म्हणजे पिंजरा, एक म्हणजे वजन. पिंजरा एक मजला उतरला, की वजन एक मजला चढतं. म्हणून दोन्ही घात मिळून कायम चारच होतात होय?"

"होय. आता दुसरं पद सांगा."

"2x तिसऱ्यावर, एक पहिल्यावर." तिने बाईंचाच पेन घेतला आणि कडेला सहगुणक मांडला. "चार गुणिले आठ x घन. बत्तीस x घन." आणि स्वतःशीच पुटपुटली, "दुसरं पद, पण वजन पहिल्या मजल्यावर. म्हणून घाताचा आकडा पदापेक्षा एकानं मागं राहतो. एवढंच होतं होय!"

 सव्वीस वर्षांत बाईंना हे इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

चार गुण वाढले, छत्तीस झाले. दुसऱ्या पदाचे दोन मात्र त्यांनी दिले नाहीत आणि लिफ्टताईनेही मागितले नाहीत. पण एका पेपरात असं झालं, तर बाकीच्यांचं काय? बाईंनी सगळे पेपर परत मागवले आणि घरी नेऊन पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नवरा म्हणाला, "कोण विचारणार आहे तुला?" त्यांनी पुढचा पेपर ओढला. आणखी दोन पेपरांत विस्तार असाच उलटा मांडलेला निघाला. एक जण आधीच पास होता आणि दुसरा चार गुण मिळूनही नापासच राहिला.

यादी बदलायची म्हटल्यावर मुख्याध्यापक करवादले. "या वयात अशा चुका, बाई?"

"थकले होते," त्या म्हणाल्या. "पण म्हणून चूक बरोबर होत नाही. कुठे सही करू?"

लिफ्टताईने मुख्य परीक्षा दिली. गणितात एकेचाळीस पडले आणि रसायनात घोडं अडलं. फेरपरीक्षेत तेही सुटलं. निकाल सांगायला ती वर्गावर आली, तेव्हा बाई नव्या तुकडीला पिंजरा आणि वजन काढून दाखवत होत्या. अर्ध्या वर्गाला कळलं होतं. उरलेल्यांसाठी त्यांनी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.