लिलावात जिंकलेलं पाणी

पाटातला गाळ उपसायला सगळा गाव उतरला होता. वरचा डोंगर बोडका. एक सर पडली की त्याची माती पाटात येऊन बसते. माझ्या पाठीवर तान्ही लेक इत्तो, हातात फावडं आणि डोक्यात एकच घोर: आमच्या कांद्यानं माना टाकल्या होत्या, अन् पाण्याची पाळी अजून नऊ दिवसांवर.

तेवढ्यात शहराकडचा माणूस कागद घेऊन आला.

"वर बांध घातले, झाडं लावली, पाटाला पाणी टिकलं, तर वर्षाला घरटी किती द्याल?"

अॅटलास डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात पाण्याला किती देणार, हे एकाच वेळी विचारतात. शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर, कुणाची उरलेली पाळी लिलावात निघते तेव्हा.

"शंभर दिरहम!" मोहा ओरडला.

"शंभरात तुजी दाढी भिजंल," शेजारचा अद्दी म्हणाला. "दीडशे!"

माझे सासरे, बास्सूमामंजी, फावडं रोवून उभे राहिले. "तीनशे. आन् वर माजा काळा मेंढा."

त्यावर कुणी बोली चढवली नाही. त्या माणसानं खुशीनं लिहून घेतलं.

"पाणी कवा सोडतोस?" मामंजींनी विचारलं.

"बाबा, मी नुसतं विचारायला आलोय."

"मेंढ्याचे दात बघून फुकट बाजार हिंडणाऱ्यातला दिसतोस!" मामंजी म्हणाले.

हशा पिकला. मामंजी हसले नाहीत. मी म्हटलं, "भाऊ, पैसा न्हाई आमच्याकडं. बांधाला वर्साचे धा दिवस राबतो, तसं लिव्हा."

"दिवसांचा रकाना नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजींचं अंथरूण रिकामं. पोरीला पाठीशी बांधून मी पाटावर गेले. अद्दीच्या पाळीचं पाणी वाहत होतं, अन् मामंजी काठावर बसलेले.

"घरी चला मामंजी. तो लिलाव खरा नव्हता."

"साऱ्या गावाम्होरं बोललो. जिकलो. खरं नसाया काय झालं?"

अद्दी आला, थबकला. आता भांडण जुंपणार म्हणून मी पोरीला घट्ट धरलं.

"म्हातारा कोडगा हाय," तो पुटपुटला. मग खाली बसून त्यानं आमच्या बाजूची माती फोडली. "ऊन त्या वरच्या दगडाला लागंस्तवर पानी घ्या. मेंढा ऱ्हाऊ दे, ईदला हुईल."

पाणी गढूळ होतं, पण आलं. चार वाफे भिजले. पाणी पाचव्याच्या तोंडाशी आलं अन् ऊन दगडाला टेकलं. अद्दी पाठ फिरवून उभा होता; बघतही नव्हता. मामंजी वाकले आणि दोन्ही हातांनी चिखल लोटून त्यांनी पाणी अद्दीच्या शेताकडं वळवलं.